मारिओच्या बत्तीस लेव्हल घाई न करता कशा फिरायच्या

सुपर मारिओ ब्रदर्स खेळलेला माणूस मुंबईत शोधावा लागत नाही. सगळा गेम फिरलेला मात्र सहज सापडत नाही. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत ज्यांनी कॅसेट घालून हा गेम खेळला, त्यांतल्या बहुतेकांचा रस्ता ठरलेला असायचा: १-२ मध्ये, म्हणजे पहिल्या दुनियेच्या दुसऱ्या लेव्हलमध्ये, छतावरून पळायचं, पाईपात घुसून थेट चौथी दुनिया गाठायची, कोणीतरी शिकवलेल्या वेलीवरून आठवीत जायचं आणि तिथे गेम ओव्हर. दुसरी, तिसरी, पाचवी, सहावी आणि सातवी दुनिया कशी दिसते ते कधी पाहिलेलंच नाही. हा लेख त्यांच्यासाठी, आणि आता घरातल्या पोरांच्या हातात रिमोट देणाऱ्यांसाठीही.

गेमचा आराखडा सोपा आहे. आठ दुनिया, प्रत्येकीत चार लेव्हल, एकूण ३२. चौथी लेव्हल दरवेळी किल्ला, आणि किल्ल्याच्या शेवटी पुलावर ड्रॅगन. जपानमध्ये हा गेम १३ सप्टेंबर १९८५ ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला, संगीत कोजी कोंदो यांचं. सगळा गेम अवघ्या ४० किलोबाइटात बसवलेला आहे. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. जागेची ही तंगी लक्षात ठेवा, पुढे दुनिया ओळखताना ती कामाला येते.

खेळायचं कशावर

माळ्यावर जुना व्हिडिओ गेम असेल तर आधी कॅसेटच्या पिना बघा. मुंबईच्या चार पावसाळ्यांनंतर त्या काळवंडलेल्या असतात. फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि गंज वाढतो. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच कॅसेट लावा. पिवळी-पांढरी-लाल वायर किंवा अ‍ॅडॅप्टर खराब असेल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, एक चक्कर मारावी. तिथे विचारत फिरलं की काहीतरी जुळतंच.

कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं असलं तरी आत मोजकेच गेम वेगवेगळ्या नावांनी पुन्हापुन्हा भरलेले असतात. मारिओच्याही एकापेक्षा जास्त आवृत्त्या सापडतात, काहींत खेळ मधल्याच लेव्हलपासून सुरू होतो. १-१ पासून सुरू होणारी आणि सुरुवातीला तीनच लाइफ देणारी आवृत्ती निवडा.

एलईडी टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबणं आणि मारिओने उडी मारणं यांत किंचित उशीर होतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलं वय झालं. निन्टेन्डो स्विच असेल तर त्यांच्या ऑनलाइन वर्गणीत हा गेम कायदेशीर मिळतो. त्यात हवं तिथे सेव्ह करता येतं, मागेही नेता येतं. सेव्ह वापरा. रिवाइंडपासून निदान पहिल्या फेरीत लांब राहा. पडल्याचा धसका गेला की बघण्याची नजरही जाते.

बोटांना वळण

ए म्हणजे उडी. बी दाबून ठेवला तर धावणं, आणि फूल खाल्लेलं असेल तर त्याच बीने गोळी. उडी किती उंच जाईल हे दोन गोष्टींवर ठरतं: ए किती वेळ दाबून ठेवला आणि उडी घेताना वेग किती होता. म्हणून जुन्या रिमोटवरची टर्बो बटणं विसरून जा. टर्बो ए सतत दाबतो-सोडतो, त्यामुळे मारिओ नुसता टुणटुणतो, मोठा खड्डा ओलांडतच नाही.

अंगठा आडवा ठेवायला शिका. त्याच्या टोकाने बी दाबलेला राहतो आणि सांध्याने ए दाबता येतो. ज्यांना हे जमत नाही ते तिसऱ्या दुनियेच्या पुढे रडकुंडीला येतात.

पहिली दुनिया: इथे पाय काढू नका

१-१ आपल्याला पाठ आहे असं सगळ्यांना वाटतं. एकदा ती हळू खेळून बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं हे न सांगता कळलं. मग एक चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा आणि समोरून चालत येणारा तपकिरी शत्रू, गूम्बा. पुढच्या ओळीतल्या पहिल्या प्रश्नचिन्हातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, खाली पडतं, पाईपाला आपटतं आणि परत तुमच्याकडेच येतं. त्याला चुकवायचं म्हटलं तरी अवघड. नवख्या माणसाने मशरूमला शत्रू समजून पळू नये, धडकावं आणि मोठं व्हावं, यासाठीच ही मांडणी आहे.

त्याच लेव्हलच्या शेवटाकडे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन. चुकलात तर खाली उभे राहता, पुन्हा चढता. दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा. उडी तीच, पण आता चुकलात तर लाइफ जाते. गेमभर हेच चालतं: नवी गोष्ट आधी बिनधोक जागी दाखवायची, मग तीच जिवावर बेतेल अशी समोर आणायची. एकदा हे हेरलं की प्रत्येक नव्या लेव्हलच्या पहिल्या दोन पडद्यांत काय शिकवलं जातंय तेवढं नीट बघायचं. पुढच्या दहा पडद्यांची तयारी तिथेच होते.

१-१ मध्ये बघण्यासारखं आणखी तीन ठिकाणी आहे. चौथ्या पाईपावर उभं राहून खाली दाबा, १९ नाण्यांची खोली मिळते. पण तिथून तुम्ही थेट लेव्हलच्या शेवटाजवळ निघता, त्यामुळे मधला तारा आणि दहा-दहा नाणी देणारी वीट हुकते. आणि चौथ्या पाईपाच्या थोडं पुढे, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, हवेत एक न दिसणारा ठोकळा आहे. खालून डोकं मारलं की हिरवं मशरूम, म्हणजे एक जादा लाइफ. अशी लपलेली लाइफ पुढच्या दुनियांच्या पहिल्या लेव्हलमध्येही आहे, पण आधीच्या दुनियेच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये पुरेशी नाणी गोळा केली असतील तरच ती निघते. म्हणून १-३ मधल्या झाडांच्या शेंड्यांवरून नुसतं धावत सुटू नका, नाणी वेचत चला.

१-२ मध्ये पाईपातून डोकं काढणारं चावरं फूल पहिल्यांदा भेटतं. पाईपाला चिकटून किंवा त्यावर उभे राहिलात तर ते बाहेर येत नाही. १-४ मध्ये फिरणाऱ्या आगीच्या काठ्या. त्यांच्या खालून जायचं की वरून, हे काठी एक फेरा पूर्ण करेपर्यंत थांबून बघा. ड्रॅगनला पाच गोळ्या पुरतात. गोळ्या नसतील तर तो उडी मारताच खालून पळा आणि पुलाच्या पलीकडच्या कुऱ्हाडीला हात लावा. मोठा मारिओ असेल तर सरळ अंगावर जाऊनही चालतं. छोटे व्हाल, पण लुकलुकण्याच्या त्या क्षणभरात पलीकडे पोचता.

मागे जाता येत नाही

माझी भाची मुलुंडला राहते. नववीत आहे आणि हल्लीच्या मोठ्या मोकळ्या नकाशांच्या गेमांवर वाढलेली. १-२ मध्ये तिला कळलं की मागे राहिलेल्या विटेत काहीतरी होतं. ती डावीकडे दाबत राहिली, मारिओ पडद्याच्या कडेला थडकत राहिला.
"मामा, हा मागे का जात नाही?"
"जातच नाही. जे सुटलं ते सुटलं."
"मग एक्सप्लोअर कसं करायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पडदा फक्त पुढे सरकतो, वर घड्याळ ४०० वरून उतरत असतं, आणि ते आकडे सेकंदांचे नाहीत. एक आकडा साधारण ०.४ सेकंदाचा, म्हणजे ४०० म्हणजे पावणेतीन मिनिटांहूनही कमी. काही लेव्हलना तर ३०० च मिळतात. १०० उरले की संगीत धावायला लागतं.

म्हणून या गेममध्ये एका फेरीत सगळं बघायचं नसतं. एका फेरीत एकच गोष्ट बघायची. पहिल्या फेरीत फक्त जमीन: खड्डे कुठे, शत्रू कुठून येतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पाईपावर उभं राहून खाली दाबायचं. तिसऱ्या फेरीत संशयास्पद रिकाम्या जागी डोकं मारायचं: एकटी पडलेली वीट, हात पोचणार नाही अशा उंचीवरची ओळ, खड्ड्याच्या अलीकडची विनाकारण मोकळी जमीन. पडदा सरकण्याआधी कडेची वीट फोडून घ्यायची सवय लावा. घरात दोघं असाल तर आळीपाळीने खेळा. एकाची लाइफ गेली की दुसऱ्याची पाळी येते, तेवढ्यात पहिल्याने वहीत टिपून घ्यायचं.

मेल्यावर काय

यावर अर्धा लेख खर्चावा असं वाटतं, कारण ही एक गोष्ट माहीत असती तर आमच्या पिढीने सगळ्या दुनिया पाहिल्या असत्या. गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून ठेवा आणि मग स्टार्ट दाबा. ज्या दुनियेत मेलात, तिच्याच पहिल्या लेव्हलपासून खेळ सुरू होतो. ६-३ मध्ये मेलात तर ६-१. पुन्हा १-१ पासून यायची गरज नाही. पहिल्या पडद्यावर तसं कुठेही लिहिलेलं नाही. वीज गेली किंवा यंत्र बंद केलं तर हे विसरलं जातं. जास्त गेमांच्या कॅसेटमध्ये रिसेट दाबू नका, तो तुम्हाला यादीवर नेऊन सोडेल.

याच्या जोरावर योजना अशी करा: रोज एक दुनिया. मरायचं तितकं मरा, ए धरून पुन्हा त्याच दुनियेत या. पहिल्या सात दुनियांत किल्ले सोडून बाकी लेव्हलना मधला टप्पा असतो. तो ओलांडून मेलात तर तिथूनच सुरू होतं. किल्ल्यांत आणि संपूर्ण आठव्या दुनियेत ही सवलत नाही.

लाइफ साठवायच्या असतील तर ३-१ चा शेवट. तिथे पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. दुसरं कासव पायरीवर असताना त्यावर उडी मारा. कवच पायरीला आपटून परत येतं आणि तुम्ही त्यावरच पुन्हा पडता. जमलं की गुण १०० पासून चढत ८००० पर्यंत जातात, आणि मग प्रत्येक उडीला एक लाइफ. नवाच्या पुढे आकड्यांच्या जागी मुकुटासारखी चिन्हं यायला लागतात. हाव आवरा. १२७ च्या पुढे गेलात की हिशेब उलटा फिरतो आणि पुढच्याच मरणाला थेट गेम ओव्हर होतो.

शॉर्टकट: कधी घ्यायचे

शॉर्टकट पाईप म्हणजे स्लो लोकल सोडून फास्ट पकडणं. पोचता लवकर, मधली स्टेशनं खिडकीतूनही नीट दिसत नाहीत. तरी ते माहीत हवेत.

१-२ च्या शेवटी वर जाणाऱ्या लिफ्टवरून छतावरच्या विटांवर उडी मारा आणि बाहेरच्या पाईपाला ओलांडून उजवीकडे धावत राहा. तीन पाईप येतात: डावीकडून ४, ३, २. ४-२ मध्ये दोन शॉर्टकट आहेत. शेवटी तसंच छतावरून गेलात तर फक्त पाचव्या दुनियेचा पाईप मिळतो, तो घेण्यात अर्थ नाही. दुसरा लपलेला आहे. लिफ्टा ओलांडल्यावर उंचावर विटा दिसतात, त्यातल्या एकीत वेल आहे. तिथवर हात पोचत नाही, कारण मधले ठोकळे अदृश्य आहेत. ते डोक्याने उघडून त्यांच्यावर चढायचं, मग विटेला मारायचं. वेल चढून गेलात की ८, ७, ६.

माझं मत: पहिली दुनिया पूर्ण झाल्यावर एकदा शॉर्टकटने आठवीत जा, ती किती निर्दय आहे ते बघा, मरा आणि विसरा. मग ओळीने दुसरीपासून सुरुवात करा. आपण कशासाठी तयारी करतोय हे एकदा कळलेलं बरं.

दुसरी ते सातवी

२-१ मध्ये विटेतून निघणाऱ्या वेलीवरून ढगांतल्या नाण्यांत जाता येतं. २-२ पाण्याखाली. तिथे कोणाच्या डोक्यावर उडी मारून उपयोग नाही, मारायचं तर गोळीच. तळातल्या खड्ड्यांवरून पोहताना खाली ओढ लागते, तेव्हा ए पटापट दाबा. २-३ च्या पुलावर खालून मासे उडतात. इथे थांबणं म्हणजे मरण, एका वेगाने पळत राहा.

३-१ आणि ३-२ मध्ये रात्र आहे आणि हातोडे फेकणारी कासवं पहिल्यांदा येतात. ती विटांवर उभी असतील तर खालच्या विटेला डोकं मारा, वरचं कासव जातं. ४-१ मध्ये ढगात बसून काटेरी पिल्लं फेकणारा लाकिटू. त्याच्याशी लढत बसू नका, थोड्या वेळाने तो परत येतो. पळा.

पाचवीपासून ती जागेची तंगी दिसायला लागते. ५-३ म्हणजे १-३ च, पण तोफगोळ्यांसकट. ५-४ म्हणजे २-४ आणि ६-४ म्हणजे १-४, जास्त आगीसकट. ७-२ आणि ७-३ या २-२ आणि २-३ च्याच कडक आवृत्त्या. ही लबाडी आहे, पण मला आवडते, कारण पहिल्या फेरीत वहीत टिपलेलं इथे शब्दशः उपयोगी पडतं. वही उघडा, जुन्या लेव्हलचं पान काढा आणि फक्त बदललेल्या जागा बघा. सहाव्या किल्ल्यापासून ड्रॅगन हातोडेही फेकतो, तेव्हा लांबून ताटकळण्यापेक्षा जवळ जाऊन खालून निसटणं सोपं.

भूलभुलैया

४-४ आणि ७-४ या किल्ल्यांत रस्ता चुकला की तोच भाग पुन्हा समोर येतो. आवाज नाही, सूचना नाही. पाच मिनिटं तेच तेच खेळत बसलेला माणूस मी पाहिलाय, त्याला वाटत होतं किल्ला फार लांब आहे. ओळखायची खूण: तेच ठोकळे, त्याच आगीच्या काठ्या, त्याच क्रमाने. दिसलं की थांबा. वहीत प्रत्येक फाट्यापुढे वर, मध्ये, खाली असं लिहा आणि एका वेळी एकच फाटा बदला. दोन फाटे एकदम बदललेत तर कोणता बरोबर होता ते कळणार नाही. घड्याळ चालू असतं, म्हणून पहिला प्रयत्न शोधासाठी, दुसरा पार करण्यासाठी असं मनाशी ठरवून खेळा.

आठवी

८-१ लांबलचक, वेळ ३००. इथे नाण्यांच्या मागे लागू नका. ८-२ मध्ये लाकिटू आणि तोफगोळे, ८-३ मध्ये हातोडेवाल्या कासवांच्या जोड्या. ८-३ ला फूल असेल तर निम्मं काम सोपं होतं, म्हणून आधीच्या लेव्हलमध्ये मिळालेलं फूल जपा.

८-४ मध्ये फाट्यांऐवजी पाईप आहेत. चुकीचा पाईप सुरुवातीला आणून टाकतो, आणि कोणताच पाईप न घेता चालत राहिलात तर तोच भाग फिरून येतो. एक बरोबर पाईप हवेत उंचावर आहे, तिथे चढायला लागणारा ठोकळा अदृश्य आहे. पुढे पाण्याखालचा छोटा टप्पा, आगीच्या काठ्यांसकट. मग एक हातोडेवालं कासव, आणि शेवटी आगही ओकणारा, हातोडेही फेकणारा खरा ड्रॅगन. आधीच्या सात किल्ल्यांतल्या ड्रॅगनला गोळ्यांनी मारलं असेल तर पाहिलं असेल: तो पडताना दुसराच कोणीतरी होतो. १-४ मधला तर साधा गूम्बा निघतो.

जिला सोडवायला निघालो ती राजकन्या भेटल्यावर टीव्ही बंद करू नका. पहिल्या पडद्यावर आता बी दाबून हवी ती दुनिया निवडता येते, आणि गूम्ब्यांच्या जागी गोळीने न मरणारे काळे किडे येतात. ज्या दुनियेत नाणी किंवा पाईप राहिले असतील, तिथे थेट जा. झेंड्याच्या दांडीला हात लावताना घड्याळाचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढे फटाके उडतात, एकेकाचे ५०० गुण. हे पोरांना आधी सांगू नका, त्यांना स्वतः शोधू द्या.